मुंग्या माउंट रॉस्किलच्या

"मी चालवू का तुमची बोट?"

विचारलं. खरंच विचारलं! सकाळी, ऑकलंडच्या धक्क्यावर, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा थर असताना, बोटीच्या मालकिणीला, रांगेतल्या डझनभर अनोळखी माणसांसमोर. आणि मुख्य म्हणजे आईबाबांसमोर.

सलोनी आणि हॉली या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. "तू फक्त विचारायचं. ती हो म्हणाली तर फोटो पाठव, नाही म्हणाली तर तिचा चेहरा कसा झाला ते सांग." मी विचारणारच नाही अशी दोघींची खात्री होती. त्यांची काय चूक? गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीला 'येस'सुद्धा इतक्या हळू म्हणायचे की हजर असून गैरहजेरी लागायची. मग मी पोहायला शिकले. सोळाव्या वर्षी, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये, गुलाबी फोमची काठी धरून. एकदा त्या पोरांसमोर नाकातोंडात पाणी जाऊन खोकलं ना, की मग जगात कोणासमोर काही बोलायची लाज उरत नाही.

मालकिणीचं नाव नेदा. साठीच्या पुढची, आखूड पांढरे केस, हात उन्हानं भाजून तांबूस झालेले. तिनं मला पायातल्या रबरी जँडल्सपासून टोपीपर्यंत नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण बरं वाटलं. लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो टॉयलेट कुठे आहे हा."

रांग हसली. मीही हसले. बाबा हसले नाहीत. "सिद्धी, काय हे?" ते मराठीत पुटपुटले. आई मात्र दुसरीकडे बघत हसू दाबत होती, ते मला दिसलं.

हा सगळा घाट मुळात क्रोएशियामुळे घातला गेला होता. हॉली जुलैच्या सुट्टीत तिकडे जाऊन आली. एक बोट, अख्खा दिवस, एकामागून एक बेटं, आणि पाणी कसलं, निळ्या शाईची दौत सांडल्यासारखं! मी ते फोटो जेवताना घरी दाखवले. बाबा भाजीत पोळी बुडवत म्हणाले, "क्रोएशियाला कशाला जायचं? आपल्या दारात इतकी बेटं पडलीयेत." मला वाटलं विषय संपला. पण बाबा आयटीवाले, त्यांचा विषय संपत नाही. त्यांनी शोधून शोधून नेदाची बोट काढली. नेदाचे आजोबा क्रोएशियातल्या ह्वार बेटावरून न्यूझीलंडच्या उत्तरेला आले होते, कौरीच्या झाडांचा जमिनीत गाडला गेलेला डिंक खणायला. त्यांची ही नात आता तिथल्यासारखाच दिवस इथल्या हाउराकीच्या आखातात घडवते. एका बेटापाशी पोहणं, दुसऱ्यावर चढणं, तिसऱ्याच्या आडोशाला बोटीवरच भाजलेले मासे. "क्रोएशियाच. फक्त जेट लॅग नाही," बाबांनी जाहीर केलं होतं.

बोटीवर पाऊल ठेवलं की नेदा प्रत्येकाच्या हातावर एक सुकं अंजीर ठेवत होती. "आमच्याकडे पाहुणा आला की आधी अंजीर, मग नाव," ती म्हणाली.

हे मी आजोबांना मराठीत सांगितलं मात्र, माझे जनार्दन आजोबा एकदम उजळले. ते सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेत. त्यांचा जगात एकच नियम आहे. दारात कोणीही येवो, आधी गूळपाणी, मग कामाचं. माउंट रॉस्किल या उपनगरातल्या आमच्या घरी कुरिअरवाला येतो त्यालासुद्धा ते गुळाचा खडा देतात. तो सामोअन दादा आता पार्सल नसतानाही हॉर्न देऊन जातो.

"अगं, म्हणजे ही आपल्यातलीच!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी शबनममधून स्टीलचा डबा काढला. डब्यातून चांगला लिंबाएवढा खडा काढून नेदाच्या तळहातावर ठेवला. "नेदाबाई, प्लीज. शुगर, बट बेटर."

नेदानं कोपरा चावून पाहिला, मान डोलावली आणि उरलेला खडा सुकाणूच्या चाकापाशी एका बशीत ठेवला. मग तिनं सगळ्यांना थांबवलं. बेटांवर उंदीर नाहीत, परक्या मुंग्या नाहीत, म्हणून तर तिथे पक्षी परत आलेत. तेव्हा प्रत्येकानं आपापली बॅग उघडून बघा. बी, माती, किडा, मुंगी काहीही चालणार नाही. सगळे वाकून बॅगा चाळायला लागले. आजोबांची शबनम, डब्यासकट, आता बाबांच्या खांद्याला होती.

"ऑल क्लीन," बाबा म्हणाले. न उघडताच.

बोट सुटली. शहर मागे छोटं छोटं होत गेलं. वारा एवढा की माझी वेणी आईच्या तोंडात. मी पुढच्या टोकाला जाऊन हात पसरून उभी राहणार होते, पण आधीच एक जोडपं तिथे तसंच उभं होतं, म्हणून मी बेत रद्द केला.

बाबा शेजारी येऊन बसले. मला कळलं आता काय येणार.

"तर शनिवारचं काय ठरलं?"

शनिवार म्हणजे यतीनकाका. बाबांचे मित्र. माउंट वेलिंग्टनला त्यांच्या घरी ते दर शनिवारी कॅल्क्युलस आणि फिजिक्स शिकवतात, सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत, मध्ये उपमा. शाळा सुरू झाली की मला तिथे घालायचं होतं. बाबांनी मला विचारलं होतं, हे मान्य. पण बाबांचं विचारणं म्हणजे असं असतं की उत्तर त्यांच्याच खिशात, मी फक्त खिशात हात घालायचा.

"आज संध्याकाळपर्यंत सांग, बाळ. एकच जागा राहिलीये. यतीन खोळंबलाय."

आणि मी काय म्हणाले? "बरं."

हेच ते! सगळे म्हणतात घरात वाघ, बाहेर शेळी. माझं बरोब्बर उलटं झालंय. वर्गात मी आता शिक्षकांशी वाद घालते, बस चुकीच्या स्टॉपला थांबली तर ड्रायव्हरला ओरडून सांगते, अनोळखी बाईला तिची बोट मागते. आणि घरात 'बरं'. घरात मी 'नाही' हा शब्द शेवटचा कधी वापरला? भेंडीबद्दल असेल. मला गणित आवडत नाही असं नाही, हीप्स, म्हणजे चिक्कार आवडतं. पण अख्खा शनिवार, अख्खं वर्ष, एका जेवणाच्या टेबलापाशी? आज संध्याकाळपर्यंत मला एक वाक्य बोलायचं होतं.

मोटुइहे बेटापाशी नेदानं नांगर टाकला. किनाऱ्यावर उतरायचं नव्हतं, फक्त बोटीभोवती पोहायचं. मी टॉग्जवरचा, म्हणजे पोहायच्या कपड्यांवरचा, शर्ट काढला आणि सरळ उडी मारली. बापरे! जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यातही ते पाणी असं चावतं! मी बोटीला एक फेरी मारली, मग आणखी एक. वर कठड्याला धरून बाबा उभे होते. त्यांना पोहता येत नाही. "लांब नको, लांब नको," ते म्हणत होते आणि त्याच वेळी शेजारच्या माणसाला सांगत होते, "माय डॉटर. लर्न्ट ओन्ली लास्ट इयर." पोहायला त्यांनीच मला पाठवलं होतं. चहूकडे पाणी असलेल्या देशात राहतो, बुडून चालणार नाही, असं म्हणाले होते.

परत चढताना शिडीपाशी नेदाची बहीण लुत्सिया टॉवेल घेऊन बसली होती. बोटीवर काम करणारी माणसं दोनच, या दोघी बहिणी. नेदा चालवते, लुत्सिया मासे भाजते आणि दोऱ्या सांभाळते. पण लुत्सियाच्या गुडघ्याला जाड पट्टा होता.

"पुढच्या महिन्यात ऑपरेशन," ती म्हणाली. "मग ही एकटी काय करणार देव जाणे. शनिवारी तर बोट भरलेली असते. माणूस मिळत नाही. मिळतो तो आठवडाभरात पळतो, ही ओरडते म्हणून."

"मी ओरडत नाही," नेदा वरून ओरडली.

मी टॉवेलमध्ये डोकं खुपसलं. शनिवार. डोक्यात काहीतरी टणकन वाजलं, पण मी ते तिथेच दाबून ठेवलं.

मग रंगितोतो. काळ्या लाव्हाचं बेट, मधोमध डोंगर, कडेला पोहुतुकावाच्या झाडांची लाल फुलं. सगळे कॅमेरे काढून तयार. धक्का अगदी समोर आला, आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. बोट थांबली. नेदा वळली तेव्हा तिच्या हातात ती बशी होती.

गुळाच्या खड्यावर मुंग्या. थोड्या नाही. बशीच्या कडेवरून, चाकाच्या मुठीवरून, नेदाच्या मनगटावरून.

"कोणीही उतरणार नाही," ती म्हणाली. ओरडली नाही, तेच जास्त वाईट होतं. "या मुंग्या त्या बेटावर गेल्या तर माझा तिथे उतरायचा परवाना जाईल, आणि तो जायलाच हवा."

बाबांनी शबनम उघडली. डब्याच्या झाकणाखालून काळी रेघ निघून टॉवेलमध्ये शिरत होती. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे मुंग्यांचं गाव आहे. आई रोज व्हिनेगरनं पुसते, त्या रोज परत येतात. त्यांच्यातल्या काही आज सहलीला आल्या होत्या.

"म्हणजे आता उतरायचं नाही?" मोठ्या दुर्बिणीवाला एक माणूस म्हणाला. "मी खास पक्ष्यांसाठी आलोय." कोणीतरी सुस्कारा सोडला. कोणीतरी म्हणालं, "बॅगा तपासल्या होत्या ना?"

बाबा लाल झाले. "आय अॅम सो सॉरी, ही इज ओल्ड, ही डझन्ट..." त्यांचं वाक्य पुरं झालंच नाही. मग ते मराठीत, दात आवळून आजोबांना म्हणाले, "सांगितलं होतं ना, डबा नका घेऊ म्हणून? सगळ्यांसमोर शोभा झाली."

आजोबांनी शबनममधून डबा काढून घेतला. त्यांनी डबा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. ज्यांच्या घरून कुरिअरवाला रिकाम्या हातानं जात नाही, ते आजोबा डझनभर माणसांच्या नजरेखाली एवढेसे झाले होते.

आणि बाबा? बाबांना ठाऊक होतं, 'ऑल क्लीन' कोण म्हणालं होतं ते.

आई माझ्याकडे बघत होती. बस्स, मी बाकावर चढले.

"किया ओरा, एव्हरीवन!" माझा आवाज मलाच नवा वाटला. पुढचं सगळं मी इंग्रजीत बोलले, पण मराठीत सांगायचं तर असं. "मी सिद्धी. या मुंग्या आमच्या आहेत. माउंट रॉस्किलच्या. आम्ही बॅग तपासली नाही, तपासायला हवी होती, ही चूक आमच्या घराची. आमच्याकडे पाहुण्याला गूळ देतात, त्यामुळे मुंग्यांचाही आमच्याबद्दल फार चांगला समज झालाय." दोन-तीन जण हसले. दुर्बिणीवाला नाही हसला. "आता बोट जितकी लवकर साफ होईल तितके लवकर आपण उतरू. नेदाला उभं राहून बघायचं की फडकं घ्यायचं, तुम्ही ठरवा. मी त्या टोकापासून सुरू करते. सर, तुमच्या दुर्बिणीतून मुंगी मोठी दिसत असेल ना? मग तुम्ही माझ्या पुढे चला आणि दाखवा."

त्यानं दुर्बीण उलटी करून बाकाला लावली. मग दुर्बिणीवाला म्हणाला, "ही उलटी धरली तर खरंच दिसते," आणि गुडघ्यांवर बसला.

पुढचा सगळा वेळ नुसती धमाल! लुत्सियानं माशांसाठी आणलेलं व्हिनेगर काढलं. पुढच्या टोकावरचं ते जोडपं बाकांखाली शिरलं. आई तर काय, मुंग्यांच्या बाबतीत तज्ज्ञच, ती फटी दाखवायला लागली. बाबा चाकाची मूठ पुसत होते, पुन्हा पुन्हा, तीच तीच. आजोबांनी स्वतः उठून अख्खा डबा समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवला आणि वरून झाकण लावलं. "गुळाचं लोणचं," ते मला हळूच म्हणाले. आवाज परत आला होता.

नेदानं प्रत्येक फट स्वतः पाहिली. प्रत्येकाचे कपडे, बूट, बॅगा. मग म्हणाली, "ठीक. पण आजोबा आणि ती बॅग बोटीवरच राहतील." तिनं बोट धक्क्याकडे घेतली. लुत्सिया दोरी घेऊन उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून परत बसली.

"ए, मोठ्या आवाजाची!" नेदा ओरडली. "इकडे ये. उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं. मी सांगेन तेव्हा. दोरी त्या लोखंडी खुंट्याला, इंग्रजी आठ काढल्यासारखी."

मी पाऊल टाकलं. पायाखाली बोट आणि धक्का यांच्यामध्ये वीतभर हिरवं पाणी उसळत होतं. एक आठ, दुसरा आठ. दोरी ताणली, कर्र्र वाजली, आणि एवढी मोठी बोट माझ्या दोन आठांवर थांबली. मी! थांबवली! सलोनीला हे कसं समजावणार?

लोक उतरले. "तुम्ही जा डोंगर बघायला," आजोबा आईबाबांना म्हणाले. "मी आणि सिद्धी मुंग्यांवर पहारा ठेवतो." बाबा घुटमळले. मग त्यांनी आजोबांच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि गेले.

थोड्या वेळानं एक मोठी फेरीबोट येताना दिसली. नेदाला धक्का मोकळा करून द्यायचा होता. मी न सांगता आठ सोडवले, दोरी गोळा केली. बोट मोकळ्या पाण्यात आली. नेदानं मागे वळून न बघता विचारलं, "सकाळी काय विचारत होतीस तू?"

मी दोरीचं वेटोळं खाली टाकलं.

"मी चालवू का तुमची बोट?"

"ये. हळू. तो लाल खांब दिसतो? बोटीचं नाक त्याच्याकडे."

चाक माझ्या हातात. मी फिरवलं, काही झालं नाही. आणखी फिरवलं. आता बोट वळली आणि वळतच राहिली. घाईनं उलटं फिरवलं तर ती दुसरीकडे निघाली. मागे पाण्यावर ही नागमोडी रेघ.

"बाळ, तू बोट चालवतेस का रांगोळीत नागोबा काढतेस?" मागून आजोबा.

"ती लगेच ऐकत नाही," नेदा म्हणाली. "थोडं सांगायचं आणि वाट बघायची. तिला कळतं."

मी थोडं सांगितलं. वाट बघितली. आणि नाक हळूच, अगदी शहाण्यासारखं, लाल खांबाकडे वळलं. मागची रेघ सरळ झाली. मी ओरडले, मोठ्यानं, अर्थ नसलेलं काहीतरी. एक सीगल दचकून उडाला.

नेदानं दोन अंजिरं काढली, एक मला, एक आजोबांना. "शनिवारी माणूस हवाय मला," ती समोर बघत म्हणाली. "दोऱ्या, बॅगा तपासणं, लोकांशी बोलणं. शेवटचं मला जमत नाही. सगळं शिकवीन, पगारही देईन. पण मी ओरडते."

"माहितीये. स्वीट अॅज. चालेल मला."

"घरी विचार."

मी आजोबांकडे बघितलं. त्यांना इंग्रजी सगळं कळतं, सोयीनं कळत नाही. "माझ्याकडे बघू नकोस," ते अंजीर चघळत म्हणाले. "मी एक शब्द बोललो तर प्रसन्न, तुझा बाप, म्हणेल, आजोबांनीच फूस लावली. आधीच आज माझ्या खात्यावर मुंग्या आहेत. तुझं तूच बोल. आवाज आहे ना?"

आवाज होता. बाकावर होता. घरी असतो का, हाच तर प्रश्न होता.

आईबाबा डोंगरावरून आले तेव्हा बाबांचे पांढरे बूट काळे झाले होते आणि चेहरा उजळला होता. मी दोरी बांधत होते. "ही तू बांधलीस?" आईनं विचारलं आणि दोरी ओढून पाहिली. ती हलली नाही. आईनं पुन्हा एकदा ओढून पाहिली, उगाचच, कौतुकानं.

राकिनो बेटाच्या आडोशाला मासे झाले, लिंबू आणि मीठ लावलेले. दुर्बिणीवाल्यानं आजोबांना गूळ कसा करतात ते विचारलं आणि आजोबांनी त्याला उसाच्या गुऱ्हाळापासून सांगायला सुरुवात केली. तो बिचारा अजून ऐकत असेल. मग आम्ही परत निघालो. उन्हं कलली. शहर समोर मोठं मोठं होत आलं. सलोनीचा मेसेज आला, "फोटो???" तेव्हा कुठे आठवलं. काढलाच नव्हता. मी लिहिलं, "राहिला," आणि फोन खिशात टाकला.

धक्का दिसायला लागला. बाबा शेजारी येऊन बसले. त्यांनी काळे झालेले बूट एकमेकांवर घासले.

"मगाशी तू जे बोललीस," ते म्हणाले, "ते मी बोलायला हवं होतं. बॅग मी बघितली नव्हती."

"माहितीये, बाबा."

"हं." त्यांनी घसा साफ केला. मग सवयीनं, प्रेमानं, उत्तर खिशात घेऊनच, "बरं, यतीनला काय कळवू? येतेय म्हणून सांगू ना?"

जिभेवर 'बरं' आलं होतं. अगदी दातांपर्यंत. मला चाक आठवलं. थोडं सांगायचं आणि वाट बघायची. वरून नेदाची हाक आली, "दोरी!" आणि मी उभी राहिले. दोरीचं वेटोळं खांद्यावर घेतलं, आणि आईबाबा दोघांना ऐकू जाईल अशा, बाकावरच्या आवाजात म्हणाले,

"आई, बाबा, यतीनकाकांना सांगा की ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. गणित मी शाळेत करीन, चांगलं करीन. पण शनिवारी मी इथे येणार आहे, या बोटीवर कामाला. माझं ठरलंय."